प्रोस्टेटची तीन विकरे आणि रिपोर्टवरचा एक आकडा

पन्नाशी उलटली की वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावे, ही पद्धत आता आपल्या पनवेल परिसरातही चांगली रुळली आहे. साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनीन यांच्या जोडीला प्रयोगशाळेच्या ‘पॅकेज’मध्ये पुरुषांसाठी आणखी एक नाव असते. ते म्हणजे पीएसए. साखर वाढली तर काय करायचे हे आज घरोघरी ठाऊक आहे. पीएसएचा आकडा मात्र ठळक अक्षरात छापून आला की घरात एकदम शांतता पसरते. मुलगा मोबाइलवर शोधतो, त्याला ‘कर्करोग’ हा शब्द दिसतो आणि त्या रात्री कोणी नीट जेवत नाही. याउलट असेही गृहस्थ भेटतात, जे ‘माझा पीएसए तीनच आहे, मला काही होत नाही’ असे म्हणून लघवीतून रक्त गेले तरी महिनाभर स्वस्थ बसतात.

वाचकहो, या दोघांचीही चूक एकच आहे. दोघेही तो आकडा कर्करोगाचा समजतात. तो कर्करोगाचा आकडा नाही. तो प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या एका विकराचा, म्हणजेच एन्झाइमचा आकडा आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाविषयी गेल्या नव्वद वर्षांत माणसाला जे कळले, त्यातले पुष्कळसे अशा तीन विकरांच्या मागे लागून कळले. या तिघांची ओळख करून घेतली, तर रिपोर्टची भीती कमी होईल आणि फाजील बेफिकिरीही कमी होईल.

ग्रंथी आणि तिचे कामगार

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असणारी ग्रंथी. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी असते. मूत्राशयाच्या तोंडाशी ती बसलेली असते आणि लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. म्हणूनच ती वाढली की लघवीची धार बारीक होते. तिचे मुख्य काम वीर्यातला काही द्रव तयार करण्याचे.

विकर म्हणजे शरीरातले एखादे रासायनिक काम झपाट्याने उरकणारे प्रथिन. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, कारण लाळेतले विकर पिठाची साखर करते. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. सुताराने सुतारकाम करावे आणि गवंड्याने गवंडीकाम, तसे.

पीएसए हे असेच एक काम करणारे विकर. वीर्य बाहेर पडल्यावर प्रथम दह्यासारखे घट्ट होते आणि काही मिनिटांतच पातळ होते. घट्टपणा आणणाऱ्या प्रथिनांचे तुकडे करून ते पातळ करणे, हे पीएसएचे काम. त्याशिवाय शुक्रजंतूंना मोकळेपणी पोहता येत नाही. वीर्यात पीएसए भरपूर असते. रक्तात मात्र त्याच्या जवळजवळ दहा लाखांश भाग एवढेच झिरपते. तेवढ्यावरच आपली तपासणी चालते.

घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. पाणी टाकीत असणे योग्यच आहे. भिंतीवर ओल दिसली तर टाकी किंवा पाइप कुठेतरी झिरपतो आहे एवढे कळते. तडा गेला, सांधा सैल झाला की टाकीच मोठी बसवली, हे ओल सांगत नाही. पीएसए ही तशी ओल आहे. ग्रंथी वयोमानाने वाढली, तिला सूज आली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, नळी घालावी लागली किंवा कर्करोग झाला, या साऱ्यांत ती वाढू शकते.

पहिले विकर : अॅसिड फॉस्फटेज

पीएसएच्या कितीतरी आधी डॉक्टरांना प्रोस्टेटचे दुसरे एक विकर माहीत होते. त्याचे नाव अॅसिड फॉस्फटेज. १९३५ साली कुत्शर आणि वोल्बर्ग्स या शास्त्रज्ञांना ते प्रोस्टेटमध्ये विपुल प्रमाणात असल्याचे आढळले. पुढे १९३८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या गुटमन दांपत्याने दाखवून दिले, की प्रोस्टेटचा कर्करोग शरीरात इतरत्र, विशेषतः हाडांत पसरला, की हे विकर रक्तात वाढते. रक्ताच्या तपासणीतून कर्करोगाचा माग काढता येतो, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक.

त्याचा खरा उपयोग केला शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी. प्रोस्टेट ग्रंथी पुरुषी हार्मोनवर पोसली जाते, मग तिचा कर्करोगही त्यावरच पोसला जात असेल काय, असा त्यांचा प्रश्न होता. १९४१ मध्ये हगिन्स आणि त्यांचे सहकारी हॉजेस यांनी रोग पसरलेल्या रुग्णांचे वृषण काढले, काहींना स्त्रीहार्मोन दिले आणि रक्तातले अॅसिड फॉस्फटेज मोजत राहिले. ते खाली आले. वेदनेने अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून बसले. हार्मोन तोडून प्रोस्टेटचा कर्करोग आटोक्यात आणता येतो हे सिद्ध झाले. हगिन्स यांना १९६६ चा नोबेल पुरस्कार मिळाला. पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावर आजही पहिला उपचार याच तत्त्वावर होतो, फक्त शस्त्रक्रियेऐवजी पुष्कळदा इंजेक्शने दिली जातात.

दुसरे विकर : पीएसए

अॅसिड फॉस्फटेजची अडचण अशी, की ते ठळकपणे वाढते तेव्हा रोग बहुधा पसरून गेलेला असतो. १९७९ मध्ये अमेरिकेतील बफेलो शहरातल्या रॉसवेल पार्क संस्थेत प्रोस्टेटमधून पीएसए शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यात आले. पुढच्याच वर्षी ते रक्तातही सापडले. १९८७ साली स्टॅनफर्डच्या डॉ. स्टेमी यांनी दाखवले, की अॅसिड फॉस्फटेजपेक्षा पीएसए कितीतरी संवेदनशील आहे आणि ग्रंथी पूर्ण काढली की दोन-तीन दिवसांत निम्मे, मग त्याच्या निम्मे असे उतरत जाऊन ते जवळजवळ नाहीसे होते.

एक गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९८६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या तपासणीला प्रथम परवानगी दिली, ती निदान झालेल्या रुग्णावर नजर ठेवण्यासाठी. रोग शोधण्यास मदत म्हणून तिला मान्यता मिळाली १९९४ मध्ये. पहिल्या कामात ती आजही बिनतोड आहे. दुसऱ्या कामात मात्र ती तारतम्याने वापरावी लागते.

तिसरे विकर : पीएसएमए

तिसऱ्याचे नाव पीएसएसारखेच वाटते, पण ते सर्वस्वी वेगळे आहे. पीएसए वीर्यात सोडले जाते, तर पीएसएमए पेशीच्या आवरणात खुंटीसारखे रोवलेले असते. १९८७ मध्ये त्याला चिकटणारे प्रतिद्रव्य सापडले, १९९३ मध्ये न्यूयॉर्क येथे त्याचे जनुक ओळखले गेले आणि १९९६ च्या सुमारास कळले, की ही नुसती खूण नसून काम करणारे विकर आहे. आतड्यात ते अन्नातल्या फोलेट जीवनसत्त्वाची शेपटी तोडते, म्हणजे ते शोषले जाते. मेंदूतही त्याचे काम आहे. मूत्रपिंडात आणि लाळग्रंथीतही ते असते. पण प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशींवर ते बहुधा कित्येक पटींनी अधिक असते.

या विकराच्या पोटात जस्ताचे दोन अणू असलेला एक खोलगट खळगा असतो. त्या खळग्यात अचूक बसेल असा छोटा रेणू तयार करायचा आणि त्याच्या शेपटीला किरणोत्सारी अणू बांधायचा, ही कल्पना आज प्रत्यक्षात आली आहे. बांधलेला अणू गॅलियम असेल तर पेट स्कॅनवर रोग कुठे लपला आहे ते दिसते. तोच ल्युटेशियम-१७७ असेल तर तो पेशीला जाळतो. एकाच किल्लीने आधी दिवा लावायचा आणि मग त्याच दाराने आत शिरायचे, असा हा प्रकार.

बाटलीत तयार केलेले मानवी विकर

आता प्रश्न येतो, की असा नेमका रेणू शोधायचा कसा? त्यासाठी शुद्ध विकर हाताशी हवे, तेही मुबलक आणि दर वेळी सारखेच. रुग्णांच्या ग्रंथीचे तुकडे किंवा वीर्य गोळा करून ते थोडे मिळते, पण त्यात इतर पन्नास प्रथिने मिसळलेली असतात. ही अडचण सोडवली रिकॉम्बिनंट तंत्राने.

हा शब्द अवघड वाटला तरी वस्तू आपल्या फ्रिजमध्येच असते. मधुमेहाच्या रुग्णाने आपल्या इन्शुलिनची बाटली नीट पाहावी. तिच्यावर ‘ह्यूमन इन्शुलिन’ आणि ‘आर-डीएनए’ असे छापलेले आढळेल. पूर्वी इन्शुलिन गाईच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढत. मानवी इन्शुलिनचे जनुक सूक्ष्मजंतूत बसवून त्याच्याकडून ते करवून घेणे साध्य झाले आणि १९८२ मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाले. पाककृती माणसाची, आचारी जंतू, असे म्हणता येईल. आज आपल्या गावातले हजारो लोक रोज हे घेत आहेत.

प्रोस्टेटच्या विकरांचेही तेच. त्यांची जनुके वाचून झाल्यावर ती प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत घालून विकर तयार करता येऊ लागले. पण येथे इन्शुलिनपेक्षा एक पायरी जास्त आहे. पीएसएमएच्या अंगावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. त्या नसतील तर विकर कामच करत नाही. साध्या जंतूंना अशा साखळ्या जोडता येत नाहीत, म्हणून कीटकांच्या किंवा सस्तन प्राण्यांच्या पेशी वापराव्या लागतात. अशाच तयार केलेल्या विकराचे स्फटिक करून २००५-०६ च्या सुमारास शास्त्रज्ञांनी त्याचा आकार क्ष-किरणांनी टिपला. खळगा केवढा, जस्त कुठे, किल्लीला दात कुठे हवेत, हे तेव्हा डोळ्यांना दिसले. नवे औषध माणसाला देण्यापूर्वी बाटलीतल्या विकरावर ते किती घट्ट बसते हे तपासता येते. तपासणीच्या किटमधली प्रतिद्रव्ये योग्य प्रथिनालाच चिकटतात की नाही, याचीही परीक्षा अशा शुद्ध विकरावर घेता येते.

एका विकराचे तर थेट औषधच झाले. ‘सिप्युल्यूसेल-टी’ नावाच्या उपचारात रुग्णाच्या रक्तातील प्रतिकारशक्तीच्या पेशी बाहेर काढतात, त्यांना रिकॉम्बिनंट पद्धतीने बनवलेल्या अॅसिड फॉस्फटेजची ओळख करून देतात आणि पुन्हा शरीरात सोडतात. ५१२ रुग्णांच्या चाचणीत हा उपचार घेणाऱ्यांचे मध्यमान आयुष्य २५.८ महिने भरले, न घेणाऱ्यांचे २१.७ महिने. २०१० मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. चार महिन्यांचा लाभ थोडा आहे आणि उपचार अतिशय महाग आहे. पण १९३५ मध्ये सापडलेले विकर ७५ वर्षांनी औषधाच्या बाटलीत उतरले, हेही खरे.

हे सारे परदेशातच चालते असे नाही

पनवेलहून मुंबईची लोकल पकडली की तिसरे स्टेशन खारघर. तेथे टाटा मेमोरियल सेंटरची ‘अॅक्ट्रेक’ ही संस्था आहे. आपल्या पनवेल तालुक्यातलीच. रोगनिदानशास्त्राचे थोर अभ्यासक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये परळला कर्करोग संशोधनाचे जे केंद्र सुरू झाले, त्याचा वारसा या संस्थेकडे आहे. २००२ मध्ये हे संशोधन खारघरला आले. अनेकांना वाटते की तेथे फक्त शेवटच्या अवस्थेतले रुग्ण जातात. हा समज काढून टाकावा.

टाटा मेमोरियल सेंटरचे एक काम मुद्दाम सांगण्यासारखे आहे. प्रोस्टेटचा कर्करोग धोक्याच्या प्रकारचा आहे, पण दूरवर पसरलेला नाही, अशा रुग्णांना किरणोपचार देताना फक्त ग्रंथीवर किरण द्यावेत की ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींवरही द्यावेत, हा जगभर वादाचा प्रश्न होता. डॉ. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्णांवर याची रीतसर चाचणी घेतली. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर रोगाने पुन्हा डोके वर न काढलेल्यांचे प्रमाण पूर्ण ओटीपोटावर किरण दिलेल्या गटात ९५ टक्के, तर फक्त ग्रंथीवर दिलेल्या गटात ८१.२ टक्के होते. एकूण आयुष्यमानात तोपर्यंत फरक दिसला नव्हता, हेही त्यांनी स्पष्ट नोंदवले.

आता यात विकरे कुठे आली? रोगाने डोके वर काढले हे ठरवण्याचे माप होते पीएसए. उपचारानंतर ते खाली जाऊन जिथे टेकले, तिथून २ ने वर चढले की रोग परतला असे धरायचे. आणि चाचणीतील सुमारे ८० टक्के रुग्णांचा रोग सुरुवातीला कुठवर आहे हे पाहण्यासाठी वापरला होता पीएसएमए पेट स्कॅन. म्हणजे दुसरे विकर मोजपट्टी झाले आणि तिसरे विकर कंदील.

ल्युटेशियम-१७७ चेही तसेच. ते भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रॉम्बे येथील ध्रुव अणुभट्टीत तयार होते. १९६३ मध्ये परळला स्थापन झालेल्या भाभा केंद्राच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये त्याचा रुग्णांसाठी वापर होतो. त्याची किरणोत्सारिता साडेसहा दिवसांहून थोड्या अधिक काळात निम्मी होते, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही. भट्टी जवळ असणे हा आपला मोठा फायदा आहे. इतर उपचार थकल्यानंतर दिलेल्या या औषधाने ८३१ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मध्यमान आयुष्य ११.३ वरून १५.३ महिन्यांवर नेले. तोंड कोरडे पडणे हा त्याचा त्रास. कारण आपण वर पाहिलेच, लाळग्रंथीतही ते घेतले जाते. हा रोग मुळापासून बरा करणारा उपचार नव्हे, पण वेदना कमी होऊन मिळालेल्या चार महिन्यांची किंमत ज्या घरात रुग्ण आहे त्यालाच कळते.

आकडा कसा वाचावा?

आता पुन्हा आपल्या हातातल्या रिपोर्टकडे येऊ. ढोबळमानाने एका मिलिलिटर रक्तात ४ नॅनोग्रॅमच्या आत पीएसए असेल तर ते ठीक समजतात. पण ही लक्ष्मणरेषा नव्हे. ४ ते १० च्या दरम्यान आकडा असणाऱ्या चार पुरुषांत सरासरी एकालाच तुकडा तपासल्यावर कर्करोग सापडतो, असा पाश्चात्त्य देशांतला अनुभव आहे. उलट, ४ च्या आत आकडा असलेल्या पुरुषांचे तुकडे एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात तपासले, तेव्हा सुमारे १५ टक्क्यांत कर्करोग आढळला होता.

खाडीकाठच्या एका गावातले साठीचे गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा पीएसए ९.२ होता. सोबत मुलगा आणि सून, दोघेही रडवेले. “डॉक्टर, बाबांना काही सांगू नका,” असे मुलगा दाराआडून म्हणाला. बाबांना विचारले, “काका, लघवीला जळजळ होते का?” ते म्हणाले, “आठ दिवस होतेय, थंडी पण भरून आली होती.” लघवीत पू-पेशी भरपूर होत्या. संसर्गावर पूर्ण उपचार केले, सहा आठवडे थांबलो आणि त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासले. आकडा २.४ आला. ओल होती, पण ती तड्याची नव्हती.

म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्यात.

१) लघवीत संसर्ग असेल, लघवी तुंबून नळी घातली असेल किंवा प्रोस्टेटचा तुकडा काढला असेल, तर सुमारे सहा आठवडे पीएसए तपासू नये.

२) तपासणीच्या आधी दोन दिवस शरीरसंबंध आणि लांबवर सायकल चालवणे टाळावे.

३) प्रोस्टेट वाढीवरची फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधे सहा महिन्यांहून अधिक काळ चालू असतील तर आकडा निम्मा दिसतो. रिपोर्टवर ३ असेल तर तो ६ समजावा. ही गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

४) एका रिपोर्टवर कधीच निर्णय घेऊ नये. पुन्हा तपासावे आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोजमापासाठी समान प्रमाण ठरवले असले, तरी दोन कंपन्यांच्या किटमध्ये फरक पडू शकतो.

५) आकडा ४ ते १० च्या मध्ये असेल तर ‘फ्री पीएसए’ उपयोगी पडतो. रक्तातले बरेचसे पीएसए दुसऱ्या प्रथिनाला चिकटून असते, थोडे मोकळे असते. मोकळे पीएसए एकूण पीएसएच्या २५ टक्क्यांहून जास्त असेल तर काळजी कमी, १० टक्क्यांहून कमी असेल तर संशय अधिक.

६) बोटाने तपासणी करून घ्यायला लाजू नये. ती अर्ध्या मिनिटाची असते आणि कधी कधी आकड्याने न सांगितलेले ती सांगते. त्यानंतर गरजेनुसार एमआरआय आणि शेवटी बायोप्सी. कर्करोगाचे निदान बायोप्सीनेच पक्के होते.

मग प्रत्येकाने तपासणी करावी का?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. युरोपातील एका फार मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. पीएसए तपासल्याने प्रोस्टेट कर्करोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले. पण एक मृत्यू टाळण्यासाठी नऊ वर्षांत १४१० पुरुषांना तपासणीसाठी बोलवावे लागले आणि ४८ जास्तीच्या जणांना कर्करोगाचे रुग्ण ठरवून उपचाराच्या वाटेवर न्यावे लागले. या उपचारांनी काहींच्या लघवीवरचा ताबा जातो, काहींचे वैवाहिक सुख. शिवाय हा कर्करोग पुष्कळदा गोगलगायीच्या गतीने वाढतो. ब्रिटनमधील १६४३ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नुसती बारीक नजर ठेवणे असे तीन गट होते. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा तिन्ही गटांत मिळून या कर्करोगाने दगावलेले ३ टक्क्यांहून कमी होते.

माझे मत असे. साधारण ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने डॉक्टरांशी बोलून, नफा-तोटा समजून तपासणी ठरवावी. वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल तर पंचेचाळिशीनंतरच विषय काढावा. सत्तरीनंतर काही त्रास नसताना केवळ पॅकेजमध्ये आहे म्हणून पीएसए करू नये. पण हे सारे त्रास नसलेल्यांसाठी. ज्यांना त्रास आहे त्यांनी मात्र थांबू नये.

ज्यांनी थांबू नये ते कोण?

सत्तरी ओलांडलेले एक निवृत्त गृहस्थ पाच महिने कंबर धरून होते. तेल लावून झाले, पट्टा बांधून झाला, गोळ्या खाऊन झाल्या. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागत होते, पण ‘वयाने होतेच’ म्हणून त्यांनी ते बायकोशिवाय कोणाला सांगितले नव्हते. माझ्याकडे आले आणि कंबर व लघवी या दोन तक्रारी प्रथमच एका कागदावर आल्या. पीएसए चार आकडी निघाला. रोग मणक्यांत पोहोचला होता. हार्मोन तोडण्याचे उपचार सुरू झाले आणि दोन-तीन आठवड्यांत ते काठी टेकत तळ्याकाठी फेरी मारू लागले. हगिन्स यांनी १९४१ मध्ये पाहिले ते आजही असे दिसते. पण पाच महिने आधी दिसले असते तर अधिक बरे झाले असते.

आपल्याकडे पुरुष लघवीची तक्रार सांगायला संकोचतात. मुलगा-सून समोर असतील तर नाहीच सांगत. म्हणून घरच्या बायकांना माझी विनंती आहे, की रात्री उठण्याच्या खेपा तुम्ही मोजा आणि तुम्हीच सांगा. पुढील लक्षणे दिसली तर पॅकेजची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे :

• लघवीला जोर करावा लागणे, धार तुटणे, थेंब थेंब होणे किंवा रात्री वारंवार उठावे लागणे.

• लघवीतून किंवा वीर्यातून रक्त जाणे, मग ते एकदाच का असेना.

• साठीनंतर नव्याने सुरू झालेली, रात्री वाढणारी, विश्रांतीने न थांबणारी कंबरदुखी किंवा हाडांचे दुखणे, विशेषतः वजन घटत असेल तर.

• कंबरदुखीबरोबर पायांतली शक्ती जाणे, पाय बधिर होणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे. यात एक रात्रही घालवू नये. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आला असेल तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे, नाहीतर पाय कायमचे जाऊ शकतात.

लघवी अचानक पूर्ण तुंबली तरी घाबरू नये आणि घरी पाणी पिऊन पाहण्यातही वेळ घालवू नये. जवळच्या रुग्णालयात नळी घालून घ्यावी. ती बहुतेक वेळा साध्या वाढीमुळे तुंबते, कर्करोगामुळे नव्हे.

शेवटी एक सूचना. पीएसएचा रिपोर्ट फेकून देऊ नका. दर वेळचा कागद तारखेसकट एका फायलीत लावा आणि डॉक्टरांकडे जाताना सगळी फाइल न्या, चालू गोळ्यांच्या पट्ट्यांसकट. एका आकड्यापेक्षा तो आकडा तीन वर्षांत कसा चालला हे आम्हा डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगून जाते.